अधाशी नोकरी आणि एच-४चा शिक्का

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा आपल्या मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन दिवस अभिनंदनाचे फॉरवर्ड फिरले. हे पारितोषिक कुणाशी वाटून न घेता मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हार्वर्डच्या अर्थशास्त्र विभागात कायमचं प्राध्यापकपद मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच. गेल्या दोनशे वर्षांत अमेरिकेतल्या बायकांनी काय कामं केली, त्यांचे त्यांना किती पैसे मिळाले आणि पुरुषांपेक्षा कमी का मिळाले, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. मग दिवाळी आली आणि ग्रुप फराळाच्या ऑर्डरींकडे वळले.

त्यांचं 'करिअर अँड फॅमिली' हे पुस्तक त्याआधी दोन वर्षं, म्हणजे २०२१ मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढलं होतं. ते सामान्य वाचकासाठी लिहिलेलं आहे, तक्ते बेताचे आहेत आणि भाषा सोपी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी जोडप्यानं ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. ते वाचताना एका ठिकाणी आपण अडायला हवं, असंही वाटतं. ती जागा कोणती आणि तिथे पुस्तक कमी का पडतं, ते या लेखात सांगायचं आहे.

आधी पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात. गेल्या शंभरेक वर्षांतल्या पदवीधर अमेरिकन स्त्रियांचे गोल्डिन पाच गट करतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पदवी घेतलेल्या पहिल्या गटापुढे करिअर किंवा कुटुंब असा सरळ पर्याय होता, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना मूल झालंच नाही. नंतरच्या गटानं आधी नोकरी आणि मग संसार केला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मुलींनी लवकर लग्नं केली, पोरं मोठी केली आणि मग शिक्षिकेची वगैरे नोकरी धरली. चौथ्या गटाच्या हातात गर्भनिरोधक गोळी आली. त्यांनी लग्न पुढे ढकललं, वकिली, वैद्यकी, एमबीए केलं, आणि कित्येकींच्या लक्षात आलं की मूल व्हायची वेळ निघून गेली आहे. पाचव्या गटाला, म्हणजे १९८०नंतर पदवी घेतलेल्यांना, दोन्ही हवं आहे आणि दोन्ही एकाच वेळी हवं आहे. ही मांडणी वाचताना आपली आजी, आई आणि आपण यांना त्यात बसवून पाहायचा मोह होतो. तो आवरावा. आपल्याकडचा क्रम वेगळा आहे, आणि गोल्डिन यांनी तो सांगितल्याचा दावाही केलेला नाही.

या इतिहासातला एक तुकडा मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तो लागणार आहे. लग्न झालेल्या बाईला नोकरीवर घ्यायचं नाही आणि नोकरीत असताना तिनं लग्न केलं तर तिला काढून टाकायचं, असा लेखी नियम अमेरिकेतल्या बहुसंख्य शाळा-मंडळांत आणि कितीतरी मोठ्या कचेऱ्यांत होता. १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात, तो सगळ्यात कडक झाला. या नियमाचा अभ्यास हे गोल्डिन यांचं मोलाचं काम आहे. हे नियम कुणी केले, कशासाठी केले, ते केव्हा गेले, हे त्यांनी जुने दस्तऐवज उपसून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर माणसांची टंचाई झाली तेव्हा मालकांना हा नियम परवडेना, आणि १९५०च्या आसपास तो बहुतेक ठिकाणी गळून पडला.

आपल्याकडे तो जास्त टिकला. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीला नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर आणि त्यानंतर पहिल्यांदा दिवस गेले तर नोकरी सोडावी लागत असे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं यातली गरोदरपणाची अट रद्द केली, पण चार वर्षं लग्न न करण्याची अट योग्यच ठरवली. त्याच्या दोनच वर्षं आधी सी. बी. मुथम्मा यांच्या खटल्यात परराष्ट्र सेवेतल्या स्त्री अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागते, यावर न्यायालयानं कडक ताशेरे ओढले होते. पुरुष अधिकाऱ्याला अशी परवानगी लागत नव्हती, हे सांगायला नकोच.

गोल्डिन यांच्या मते आता असे उघड अडसर राहिलेले नाहीत. मुली मुलांपेक्षा जास्त संख्येनं पदवीधर होतात, सुरुवातीचे पगार जवळपास सारखे असतात, कायदा बाजूनं आहे. तरीही पूर्णवेळ काम करणारी अमेरिकन स्त्री पुरुषाच्या एका डॉलरमागे ऐंशी सेंटांच्या थोडं वरच कमावते. मुली कमी पगाराचे व्यवसाय निवडतात म्हणून हे होतं, हे नेहमीचं उत्तर त्या खोडून काढतात. फरकाचा मोठा भाग एकाच व्यवसायाच्या आतला आहे: वकील आणि वकील, डॉक्टर आणि डॉक्टर यांच्यातला. तो पहिल्या दिवशी नसतो. पहिलं मूल झाल्यावर दिसू लागतो आणि वाढत जातो.

असं का होतं, हा पुस्तकाचा गाभा आहे आणि तो फार चांगला उतरला आहे. काही नोकऱ्यांना त्या 'ग्रीडी' म्हणतात. मी अधाशी म्हणेन. अधाशी नोकरीला तुमचे नुसते तास पुरत नाहीत, तिला तुमचे अवेळीचे तास हवे असतात. रात्री अकराचा कॉल, रविवारचं डिप्लॉयमेंट, उद्या सकाळी दुसऱ्या शहरात हजर होणं. असं काम करणाऱ्याला आठवड्याला साठ तासांचा जो पगार मिळतो तो तीस तास काम करणाऱ्याच्या दुपटीपेक्षा बराच जास्त असतो. आता दोघंही सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच पगाराचे आहेत आणि घरात मूल आलं आहे असं समजा. डे-केअरमधून फोन आला तर कुणीतरी एकानं उठून जायला हवं. दोघांनीही लवचीक नोकरी घेतली तर घरातली बरोबरी राहते, पण मोठी रक्कम हातची जाते. एकानं अधाशी आणि दुसऱ्यानं लवचीक नोकरी घेतली तर पैसे जास्त येतात, बरोबरी जाते. बहुतेक घरं पैसे निवडतात, आणि लवचीक बाजू बहुतेक वेळा बाईकडे येते. इथे कुणी खलनायक नाही. नवरा दुष्ट नाही, साहेब बायकांचा द्वेष्टा नाही. तरी वर्षागणिक खड्डा खोल होत जातो.

उलट उदाहरण म्हणून त्या औषधविक्रीचा व्यवसाय घेतात. एके काळी फार्मसिस्ट म्हणजे स्वतःचं दुकान चालवणारा आणि रात्री-बेरात्री दार उघडणारा माणूस. पुढे साखळी दुकानं आणि हॉस्पिटलं आली, औषधं कारखान्यातून तयार येऊ लागली, रुग्णाची सगळी नोंद संगणकावर गेली. एका फार्मसिस्टची जागा दुसरा विनातक्रार घेऊ शकतो अशी परिस्थिती झाली. मग अवेळी कामाला जादा पैसे मिळण्याचं कारण उरलं नाही आणि कमी तास काम करणाऱ्याचा दर तासाचा पगारही घसरला नाही. आज या व्यवसायात निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत आणि तिथला पगारातला फरक अगदी थोडा आहे. हे कुणा समाजसुधारकानं घडवलं नाही, कामाची रचना बदलल्यामुळे घडलं. गोल्डिन यांचा उपायही तोच आहे: लवचीकपणा स्वस्त करा, कामं अशी बांधा की एकाच्या जागी दुसरा उभा राहू शकेल, आणि पाळणाघरं परवडतील अशी करा.

मी स्वतः पोस्टडॉक आहे. प्रयोगशाळेतली नोकरीही अधाशीच, फक्त तिला जादा पैसे मिळत नाहीत. कायमच्या पदासाठी धावण्याची वर्षं आणि मूल होण्याची वर्षं एकच असतात हे त्यांनी विद्यापीठांबद्दल जे लिहिलं आहे, त्याखाली मी पेन्सिलनं दोनदा रेघ ओढली. एवढं सगळं पटल्यावर मग तक्रार कुठे आहे?

तक्रार अशी की या गणितात दोघांनाही नोकरी करायची मुभा आहे हे गृहीत धरलेलं आहे. तुम्ही एडिसनमध्ये, नेपरव्हिलमध्ये, फ्रीमाँटमध्ये किंवा डॅलसच्या उपनगरात राहत असाल तर तुमच्या आसपासच्या किती घरांत ही मुभा सुरुवातीपासून होती, ते आठवून पाहा.

एच-१बीवर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला एच-४ मिळतो. २०१५च्या मे महिन्यापर्यंत एच-४वर कोणतंही पगारी काम करता येत नव्हतं. एमटेक असो, सीए असो, एमडी असो, उत्तर एकच. त्यानंतर ओबामा प्रशासनाच्या नियमानं थोडी फट उघडली. नवऱ्याचा ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० मंजूर झाला, किंवा त्याच प्रक्रियेमुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांपलीकडे वाढला, तर बायकोला ईएडी मागता येतं, म्हणजे कामाचा परवाना. तोपर्यंत ती घरी. हा नियम आला त्या दिवसापासून तो रद्द व्हावा म्हणून वर्षानुवर्षं कोर्टकज्जा चालला. २०१७ संपेपर्यंत असे सुमारे ९१ हजार नवे परवाने दिले गेले होते. त्यांतले ९३ टक्के भारतात जन्मलेल्या व्यक्तींना मिळाले. त्यांतले ९३ टक्के स्त्रियांना मिळाले. आकडा दोन्हीकडे एकच आहे हा योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.

आता जुन्या शाळा-मंडळांचा नियम आठवा. लग्न झालं म्हणून बाईला कामावर न ठेवणं. एच-४ हा त्याच नियमाचा आजचा अवतार आहे असं माझं म्हणणं आहे. फरक इतकाच की पूर्वी तो मालकाच्या नियमपुस्तिकेत होता, आता पासपोर्टवरच्या शिक्क्यात आहे. पुण्यात चांगली नोकरी करणारी मुलगी लग्न करून इथे उतरते आणि लग्नाच्या नात्यानं आली म्हणूनच तिचं काम बंद होतं. ती स्वतःच्या एच-१बीवर आली असती तर बंद झालं नसतं. गोल्डिन यांनी इतिहासजमा म्हणून नोंदलेला अडसर त्यांच्याच देशात, त्यांच्याच काळात, पदवीधर स्त्रियांच्याच एका मोठ्या गटाला लागू आहे, आणि त्यांच्या मांडणीत व्हिसा नावाचा घटकच नाही.

यावर तुम्ही दोन गोष्टी म्हणाल. पहिली, नियम स्त्री-पुरुष असा भेद करत नाही, पुरुषही एच-४वर येतात. येतात, आणि त्यांचीही घुसमट होतेच. पण कोण कुणाच्या मागून येणार हे ठरतं कसं? आपल्याकडे नवरा वयानं दोन-चार वर्षं मोठा असावा, त्याचा पगार जास्त असावा, स्थळ 'सेटल' असावं असं अजून पाहिलं जातं. म्हणजे एच-१बी मिळण्याच्या वयाला तो आधी पोचतो. दोघांमधला लहानसा फरक अधाशी नोकरी कसा मोठा करते, हे गोल्डिन यांनी दाखवलं. व्हिसाही तेच करतो, आणि एका फटक्यात करतो. तिथे साठ तास विरुद्ध तीस तास असा सवाल असतो, इथे साठ विरुद्ध शून्य.

दुसरी गोष्ट आपल्याच लोकांकडून जास्त ऐकू येते: नियम माहीत असूनच आल्या ना? हो, माहीत असून आल्या. १९३५ सालच्या शिक्षिकेलाही लग्न केलं की नोकरी जाणार हे माहीत होतं. माहीत असल्यानं नियम न्याय्य होत असता तर गोल्डिन यांना त्यावर इतकी वर्षं घालवायचं कारण नव्हतं.

मला या पुस्तकाबद्दल खरी हळहळ वाटते ती मोजणीच्या बाबतीत, कारण मोजणी हे गोल्डिन यांचंच क्षेत्र. त्यांनी नाव कमावलं ते जुन्या नोंदी दुरुस्त करून. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन जनगणनेत शेतात राबणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या, घरी बसून वस्तू बनवणाऱ्या विवाहित बाईच्या नावापुढे व्यवसाय म्हणून 'पत्नी' असं लिहिलेलं किंवा काहीच लिहिलेलं नसे. गोल्डिन यांनी इतर कागदपत्रांवरून ते काम पुन्हा मोजलं आणि दाखवलं की बायकांच्या कामाचा आलेख सरळ चढत गेला नाही. शेतीच्या काळात तो वर होता, कारखाने आले तसा खाली गेला, कचेऱ्या आणि शिक्षण वाढलं तसा पुन्हा वर आला, इंग्रजी यू अक्षरासारखा. आर्थिक विकास झाला की बायका आपोआप कमावत्या होतात हा भाबडा समज त्यांनी असा मोडला. भारताकडे पाहतानाही ही दृष्टी उपयोगी पडते. सरकारी श्रमशक्ती पाहणीनुसार पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. ऐकायला छान वाटतं. वाढीचा मोठा भाग ग्रामीण भागातला आहे, स्वयंरोजगाराचा आहे आणि त्यात घरच्याच शेतात किंवा धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्या बायकाही आहेत. हे काम आधीही असणारच, थोडं अधिक दिसू लागलं असेल. नवं किती आणि नव्यानं मोजलेलं किती, हे वेगळं काढल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.

अमेरिकेच्या आजच्या मोजणीतही तसंच एक भोक आहे. इथली श्रमशक्तीची मासिक पाहणी तुमचा व्हिसा विचारत नाही. तुम्ही काम करत नाही आणि शोधतही नाही, एवढंच तिला कळतं. म्हणजे मूल लहान आहे म्हणून स्वखुशीनं घरी राहिलेली बाई आणि कायद्यानं मनाई आहे म्हणून घरी बसलेली बाई एकाच रकान्यात पडतात. मग कुणीतरी त्या रकान्याकडे बोट दाखवून म्हणतं, भारतीय बायका शिकतात पण काम करत नाहीत, त्यांची संस्कृतीच तशी. जुन्या नोंदींतल्या 'पत्नी' या शब्दामागे दडलेलं काम शोधून काढणाऱ्या विदुषीनं हा रकाना उघडून पाहायला हवा होता.

दुसरी उणीव आजीची आहे. गोल्डिन यांच्या जोडप्याकडे तीन वाटा आहेत: स्वतः करा, पैसे देऊन करून घ्या, नाहीतर नोकरी हलकी करा. आपल्या घरांत चौथी वाट असते आणि ती बी-२ व्हिसावर सहा महिन्यांसाठी विमानातून उतरते. बाळंतपणाला आई येते, ती परतायच्या सुमाराला सासूबाई येतात. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाला तेल लावायच्या वाट्या. नंतर थंडी. गाडी चालवता येत नाही, शेजारी बोलायला कुणी नाही, गुडघा दुखतो आणि प्रवासी विम्यात जुनं दुखणं बसत नाही. त्या सहा महिन्यांत घरातल्या दोन्ही नोकऱ्या, जर दोन असतील तर, सुरळीत चालतात. नवऱ्याची बढती होते. त्या बढतीत बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईच्या दिवसाच्या दहा तासांचा वाटा असतो, तो कुठल्याही हिशेबात येत नाही. तिच्यामागे पुण्यात किंवा नाशकात आजोबांचं जेवण आणि पथ्य-औषध कोण बघतं, तो पुढचा प्रश्न. तिथेही बहुधा बाईच असते: धाकटी सून, नाहीतर पोळ्यांच्या मावशी. भारताच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला २९९ मिनिटं त्यात जातात आणि करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं, असं निघालं. या पाहणीत परदेशात जाऊन केलेली मिनिटं नाहीत.

लवचीकपणा स्वस्त करा असं गोल्डिन म्हणतात. आपल्यापुरता तो आधीच फुकट झालेला आहे, आणि फुकट आहे म्हणूनच अधाशी नोकरीला बदलायची गरज पडत नाही. घरी एच-४वरची बायको आणि पाहुणी आजी असेल तर रात्री अकराच्या कॉलला नाही म्हणायचं कारणच काय? सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांना असा कर्मचारी परवडतो आणि आवडतो.

इथून मी पुस्तकाच्या सगळ्यात मूलभूत गृहीतकाकडे येते. गोल्डिन यांचं एकक जोडपं आहे. जोडपं विचार करतं, जोडपं पैसे निवडतं, जोडपं बरोबरी गमावतं. जोडप्याला एकक मानणारा एक शब्द मराठीत आधीपासून आहे: कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामाला लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती जोडीला, आणि पैसे मोजून घेतो नवरा. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, शिवाय पहाटे भाकरी थापते. पाळी, ताप, बाळंतपण यासाठी घरी राहिली तर खाडा धरला जातो आणि तो जोडीच्या हिशेबातून वजा होतो. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. एकक जोडी असलं की त्यातल्या एका शरीराला काय होतं हे हिशेबात दिसत नाही.

एच-४वरच्या इंजिनिअरची आणि ऊसतोड बाईची बरोबरी मी करत नाही. ती करणं निर्लज्जपणाचं होईल. दोन्हीकडे एकक एकच आहे, एवढंच दाखवायचं आहे. एच-४वरच्या बाईला कामाचा परवाना नसताना सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही, करभरण्यासाठी निराळा क्रमांक घ्यावा लागतो. संयुक्त विवरणपत्रात तिचं नाव असतं, उत्पन्नाच्या ओळीत शून्य. इथलं निवृत्तिवेतन स्वतःच्या नावावर मिळायला चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. ती वर्षं मोजायला तिच्या बाबतीत सुरुवातच उशिरा होते. आणि घटस्फोट झाला तर एच-४ त्याच दिवशी संपतो. या देशात राहण्याचा तिचा हक्क नवऱ्याच्या नोकरीवर आणि नवऱ्याबरोबरच्या लग्नावर असा दुहेरी टांगलेला असतो. अशा घरात दोघांनी बसून, समजून-उमजून, पैसे की बरोबरी हे ठरवलं असं म्हणायला फार मोठा चष्मा लागतो. मनाविरुद्ध गेलं तर उठून जाता येईल अशी जागा ज्याच्याकडे आहे त्याचं मत जोडप्याचं मत म्हणून नोंदलं जातं. गोल्डिन यांचं जोडपं सुस्वभावी आहे. आपली बरीच जोडपीही आहेत. पण सगळं सुस्वभावावर सोपवलेलं असणं, हाच मुद्दा आहे.

हे सगळं मान्य केलं तरी काही जण विचारतील की मग आपण करायचं काय. उदाहरणं समोरच आहेत. कंपनीनं बदलीवर आणलेल्या माणसाचा जोडीदार एल-२वर येतो, आणि २०२१च्या नोव्हेंबरपासून त्याला वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. त्यामुळे दोन्ही देशांची अर्थव्यवस्था कोसळली नाही. आपल्या मंडळांच्या अधिवेशनांत ग्रीन कार्डाच्या रांगेवर, दर देशाला सात टक्क्यांच्या मर्यादेवर, तावातावानं परिसंवाद होतात. ते व्हायलाच हवेत. त्यात जोडीदाराच्या कामाच्या हक्काला शेवटची पाच मिनिटं मिळतात, आणि तीही 'महिलांचे प्रश्न' या नावाखाली. शनिवार-रविवारच्या मराठी शाळा ज्यांच्या बिनपगारी श्रमावर उभ्या राहिल्या, ज्यांनी गणपतीच्या महाप्रसादाच्या तीनशे पानांचा हिशेब एक्सेलमध्ये बिनचूक ठेवला, त्यांच्यात कितीजणी त्या वेळी एच-४वर होत्या हे एखाद्या मंडळानं नुसतं मोजलं तरी चांगला दस्तऐवज तयार होईल. स्मरणिकेत जाहिरातींना जागा असते, एवढ्या तक्त्यालाही होईल.

पुस्तक वाचाच. अधाशी नोकरीवरची प्रकरणं नवरा-बायकोनं एकत्र वाचावीत, शक्यतो मूल व्हायच्या आधी. ज्यांना घाई आहे त्यांनी निदान फार्मसिस्टचं प्रकरण वाचावं, आणि ते वाचताना ही एक गोष्ट जवळ ठेवावी. २००३नंतर परदेशात पदवी घेतलेल्याला अमेरिकेतल्या फार्मसिस्टच्या परीक्षेच्या वाटेला लागायचं असेल तर ती पदवी किमान पाच वर्षांची लागते. आपला बी.फार्म. चार वर्षांचा आहे. महाराष्ट्रात फार्मसीची कॉलेजं भरपूर आणि त्यांत मुलीही भरपूर. त्यांतली एखादी लग्न करून इथे आली, आय-१४०ची वाट पाहून झाली, ईएडी हातात पडलं, तरी गोल्डिन ज्याला सगळ्यांत समतेचा व्यवसाय म्हणतात त्याच्या काउंटरमागे तिला मदतनीस म्हणून उभं राहता येतं, फार्मसिस्ट म्हणून नाही.